लिनक्सवरचा छोटा नेटबुक पुन्हा विंडोजवर आणायचा असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. ११.६ इंची स्क्रीनचा नेटबुक, आत इंटेल ॲटम झेड३७३५एफ प्रोसेसर, २ जीबी रॅम आणि ३२ जीबी ईएमएमसी, म्हणजे बोर्डावरच बसवलेली साठवण. २०१६ साली विंडोज १० सकट घेतलेला. पुढे तो फार हळू चालतो म्हणून भाच्याने विंडोज पुसून लुबुंटू हे हलकं लिनक्स टाकलं. आता वडिलांना त्यांचे जुने लेख श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून दुरुस्त करायचे आहेत, त्याची सीडी आणि डोंगल (परवान्याची खूण म्हणून मशीनला लावायचं छोटं उपकरण) घरात आहे, म्हणून विंडोज परत हवं आहे. पेनड्राइव्ह तयार केला, पण बूटच्या यादीत तो येतच नाही. जमल्यास थेट विंडोज ११ टाकावं का, हेही विचारलं आहे.

आधी अडलेल्या गोष्टीचं उत्तर देतो. तुमचा पेनड्राइव्ह बहुधा ठीक आहे. तुम्ही ६४-बिट विंडोजची आयएसओ फाइल (इन्स्टॉलर डिस्कची एका फाइलीतली प्रत) उतरवली असणार, आणि या मशीनचं फर्मवेअर, म्हणजे मशीन सुरू करणारं आतलं मूळ सॉफ्टवेअर, ३२-बिट आहे. प्रोसेसर स्वतः ६४-बिट चालवू शकतो, त्यामुळे माहितीपत्रकात ‘६४-बिट’ लिहिलेलं सापडतं आणि माणूस फसतो. पण मशीन सुरू होताना पहिली सूत्रं फर्मवेअरच्या हाती असतात. ३२-बिट यूईएफआय (जुन्या बायोसची जागा घेतलेला प्रकार) फर्मवेअर पेनड्राइव्हवर ‘ईएफआय’ फोल्डरातल्या ‘बूट’ फोल्डरमध्ये ‘बूटआयए३२’ नावाची फाइल शोधतं. ६४-बिट विंडोजच्या पेनड्राइव्हवर तिथे फक्त ‘बूटएक्स६४’ असते. हवी ती फाइल दिसली नाही की फर्मवेअर काही बोलत नाही, सरळ पेनड्राइव्ह यादीतून वगळतं. बे ट्रेल या इंटेल प्रोसेसरच्या पिढीतल्या, म्हणजे २०१४ ते २०१६ च्या सुमारास आलेल्या बहुतेक स्वस्त नेटबुकांची आणि टॅबलेटची हीच तऱ्हा आहे.

खात्री लिनक्समध्येच करता येते. ‘सिस’ फोल्डरात ‘फर्मवेअर’, त्यात ‘ईएफआय’, आणि त्यात ‘एफडब्ल्यू_प्लॅटफॉर्म_साइज’ नावाची छोटी फाइल असते. ती उघडली की आत एकच आकडा दिसतो, ३२ किंवा ६४. तुमच्याकडे ३२ दिसेल. ‘ईएफआय’ हे फोल्डरच सापडलं नाही, तर लिनक्स जुन्या बायोस पद्धतीने सुरू झालेलं आहे असं समजायचं. झेड३७३५एफवर तसं सहसा दिसत नाही.

यातूनच विंडोज ११ चाही निकाल लागतो. विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्ती निघालीच नाही. शिवाय त्याला ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० (सुरक्षेची एक सोय) लागतं; तुमच्याकडे रॅम आणि जागा दोन्ही त्याहून कमी आहेत. अटी चुकवून ते बसवण्याच्या युक्त्या इंटरनेटवर भरपूर आहेत, पण ३२-बिट फर्मवेअरपुढे त्या चालत नाहीत. तुमच्यासाठी विंडोज १० ची ३२-बिट आवृत्ती, शेवटची २२एच२, हाच मार्ग आहे.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे मी मुद्दाम आधीच सांगतो. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहेत, तीही नोंदणी केली तर. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की हा नेटबुक लेखनासाठी वापरा. बँकेचे व्यवहार, आयकर, आधार कार्डाची कामं यावर करू नका. ती फोनवर किंवा दुसऱ्या मशीनवर होऊ द्या. श्रीलिपीला इंटरनेट लागत नाही, त्यामुळे बसवाबसवी झाल्यावर वाय-फाय बंद ठेवूनही वडिलांचं काम चालेल.

विंडोज खरोखर लागेल का, हेही एकदा तपासून घ्या. लेख नुसते वाचायचे किंवा छापायचे असतील, तर श्रीलिपीच्या फॉन्टच्या टीटीएफ फाइली लिनक्समध्ये बसवून लिब्रेऑफिसमध्ये वर्डच्या फाइली नीट उघडतात. अक्षरं दिसण्यासाठी फॉन्ट पुरतो. टाइप करायचं आणि दुरुस्त करायचं म्हटलं की मात्र श्रीलिपीचं कीबोर्ड इंजिन लागतं, ते डोंगल मागतं, आणि वाइनमधून (विंडोजची सॉफ्टवेअरं लिनक्समध्ये चालवणारं साधन) डोंगलशी जुळवून घेण्यात दिवस जातात. वडिलांचा हात त्याच कीबोर्डवर बसलेला आहे, तेव्हा विंडोज टाकायचा तुमचा निर्णय योग्यच आहे.

इथे ३२-बिट विंडोज उलट तुमच्या पथ्यावर पडतं. नव्वदच्या दशकातल्या काही मराठी सॉफ्टवेअरचे इन्स्टॉलर १६-बिट आहेत. ६४-बिट विंडोजवर ते चालतच नाहीत. ३२-बिट विंडोज १० मध्ये त्यासाठी ‘एनटीव्हीडीएम’ नावाची सोय आहे. असा जुना इन्स्टॉलर चालवला की ती बसवू का असं विंडोज स्वतःच विचारतं. जुन्या सीडीवरून काही टाकणाऱ्याला ही मोठी गोष्ट आहे. टॅलीचं काम त्यावर करायचा विचार असेल तर तो सोडा, टॅलीप्राइम ६४-बिट विंडोज मागतं.

आता प्रत्यक्ष काम. लिनक्स पुसण्याआधी त्याच्याकडूनच दोन-तीन गोष्टी काढून घ्या, आणि या टप्प्यावर घाई करू नका. मी नेटबुक दुरुस्तीला घेतला की पहिला वेळ इथेच घालवतो.

एक, विंडोजची की. विंडोज ८ पासून कंपनीने विंडोज टाकून दिलेल्या मशीनमध्ये की फर्मवेअरमध्येच ठेवलेली असते. डिस्क पुसली तरी ती जात नाही. लिनक्समध्ये ‘सिस, फर्मवेअर, एसीपीआय, टेबल्स’ या वाटेने गेलात की ‘एमएसडीएम’ नावाची फाइल दिसते. ती प्रशासकाच्या अधिकाराने उघडा. सुरुवातीला काहीबाही चिन्हं दिसतील आणि शेवटी पाच-पाच अक्षरांचे पाच गट. ती तुमची की. कागदावर उतरवून ठेवा. बहुधा ती टाइप करायची वेळही येणार नाही, कारण सेटअप ती स्वतः वाचतो. फक्त एक अट लक्षात ठेवा. मशीन मुळात विंडोज ८.१ चं असेल आणि त्यावर विंडोज १० कधीच चालू झालेलं नसेल, तर ८.१ च्या कीवर विंडोज १० सक्रिय करण्याची सवलत मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली आहे. तुमचं मशीन विंडोज १० सकटच आलेलं आहे, त्यामुळे तुम्हाला ही अडचण नाही. तीन-चारशे रुपयांत ऑनलाइन मिळणाऱ्या की घेऊ नका, आणि ‘ॲक्टिव्हेटर’ नावाच्या फाइलींना तर हातही लावू नका. त्यातून काय आत शिरेल याचा नेम नसतो, आणि तुमच्याकडे हक्काची की आहेच.

दोन, जुनं रिकव्हरी पार्टिशन, म्हणजे मूळ विंडोज परत आणण्यासाठी कंपनीने ठेवलेला डिस्कचा भाग. लिनक्समधलं पार्टिशनचं साधन उघडून डिस्कची मांडणी बघा. सगळं एक्स्ट४, म्हणजे लिनक्सचंच, असेल तर प्रश्न मिटला. पण शेवटी काही जीबीचं एनटीएफएस, म्हणजे विंडोजचं, पार्टिशन उरलेलं दिसलं, तर त्यातलं सगळं आधी बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. कंपनीने दिलेले मूळ ड्रायव्हर त्यातच असू शकतात, आणि या मशीनचे ड्रायव्हर नंतर शोधणं हेच सगळ्यात किचकट काम असतं.

तीन, हार्डवेअरची यादी. झेड३७३५एफ हा मुळात टॅबलेटसाठीचा प्रोसेसर. त्यामुळे वाय-फाय आणि आवाजाच्या चिपा साध्या लॅपटॉपसारख्या यूएसबी किंवा पीसीआयवर नसतात. वाय-फाय एसडीआयओवर आणि आवाज आयटूएस नावाच्या जोडणीवर असतो. नवं विंडोज बसल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘अननोन डिव्हाइस’ अशी पिवळ्या त्रिकोणांची रांग लागते आणि कोणतं काय ते कळत नाही. लिनक्सला मात्र या चिपांची नावं माहीत असतात. टर्मिनलमध्ये कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदी काढा आणि त्यात वाय-फाय, आवाज, टचपॅड यांच्या ओळी शोधा. या वर्गात वाय-फायसाठी रिअलटेकची ‘आरटीएल८७२३बीएस’ फार दिसते, आवाजासाठी ‘आरटी५६४०’ किंवा तिच्या जवळची एखादी. ती सगळी नोंद एका मजकूर फाइलमध्ये वाचवून पेनड्राइव्हवर ठेवा. नंतर ड्रायव्हर शोधताना हीच फाइल उपयोगी पडेल. घरच्या फोल्डरमधले फोटो, कागदपत्रं, ब्राउझरमधल्या खुणा हे सगळं बाहेर काढायचं आहेच, ते वेगळं सांगत नाही.

मग पेनड्राइव्ह. ८ जीबीचा पुरतो. आयएसओ मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच घ्या. लिनक्समधल्या ब्राउझरवरून गेलात तर ती साइट थेट आयएसओ देते, आणि भाषा निवडल्यावर ३२-बिट आणि ६४-बिट अशी दोन बटणं येतात. ३२-बिट घ्या. लिनक्सच्या आयएसओ जशा एचर किंवा तत्सम साधनाने पेनड्राइव्हवर ‘उमटवतात’, तशी विंडोजची उमटवू नका. ती त्या पद्धतीने बूट होत नाही. साधा मार्ग असा: पेनड्राइव्हवर एकच फॅट३२ पार्टिशन करा, आयएसओ उघडा आणि आतलं सगळं जसंच्या तसं त्यावर कॉपी करा. यूईएफआयला एवढंच लागतं. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. ६४-बिट आयएसओमधली ‘इन्स्टॉल’ फाइल तिथे अडते, ३२-बिटमधली सहसा मावते. अडलीच तर व्हेंटॉय किंवा वूयूएसबी हे पेनड्राइव्ह तयार करणारं साधन वापरा.

कॉपी करताना एक गोष्ट बघा. फाइल मॅनेजरची पट्टी शंभर टक्के दाखवते, पण लिनक्स मोठा भाग आधी रॅममध्ये घेऊन मागाहून पेनड्राइव्हवर लिहीत असतं. पट्टी संपली म्हणून पेनड्राइव्ह उपसलात, तर शेवटच्या फाइली अर्धवट राहतात आणि सेटअप मध्येच ‘फाइल सापडत नाही’ म्हणून थांबतो. ‘सुरक्षितपणे काढा’ निवडा आणि परवानगीचा संदेश येईपर्यंत थांबा, पाच-दहा मिनिटं लागली तरी. त्याआधी ‘ईएफआय, बूट’ उघडून ‘बूटआयए३२’ आहे ना तेवढं डोळ्यांनी बघून घ्या.

नेटबुक चार्जरवर लावा. बंद करून सुरू करताना बूटच्या यादीची कळ दाबत राहा. कंपनीप्रमाणे ती एफ७, एफ१२ किंवा एस्केप असते. यादीत पेनड्राइव्हच्या नावामागे ‘यूईएफआय’ लिहिलेलं दिसेल, तो निवडा. सेटिंगमध्ये जावं लागलं तर डिलीट किंवा एफ२. या स्वस्त मशीनच्या फर्मवेअरमध्ये शेकडो पर्याय उघडे ठेवलेले असतात आणि त्यातले काही बदलले तर मशीन पुन्हा सुरूच होत नाही. बूटचा क्रम आणि सिक्युअर बूट सोडून कशालाही हात लावू नका. अपवाद एकच: काही बे ट्रेल मशीनमध्ये ‘ओएस इमेज आयडी’ असा पर्याय असतो. लिनक्स टाकताना कोणी तो अँड्रॉइडवर नेला असेल, तर परत विंडोजवर आणा. तो चुकीचा असेल तर विंडोजला टचपॅड, बॅटरीचा काटा अशी हार्डवेअर सापडत नाहीत आणि दोष ड्रायव्हरवर जातो.

सेटअपमध्ये कीबद्दल विचारलंच तर ‘माझ्याकडे की नाही’ निवडून पुढे जा, पण आवृत्ती जी मुळात होती तीच घ्या. आपल्याकडे विकल्या गेलेल्या मशीनवर ‘होम’ किंवा ‘होम सिंगल लँग्वेज’ असायचं. नेटबुकच्या पाठीवर किंवा खोक्यावर ते लिहिलेलं सापडेल. प्रो निवडलंत तर परवाना जुळणार नाही. मग ‘कस्टम’ घ्या. पार्टिशनच्या यादीत ईएमएमसी २९ जीबीच्या आसपास दिसेल, ३२ नव्हे. मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे, काही हरवलेलं नाही. पेनड्राइव्हही त्याच यादीत असतो, म्हणून आकार बघूनच कळ दाबा. ईएमएमसीवरची सगळी पार्टिशनं पुसा आणि उरलेली मोकळी जागा निवडून पुढे जा. विंडोज स्वतः हवी तशी पार्टिशनं करून घेतं. लिनक्स आणि विंडोज दोन्ही ठेवायचा मोह या मशीनवर नको, २९ जीबीत दोघांची उपासमार होते. जुन्या, १६० किंवा २५० जीबी हार्ड डिस्कच्या नेटबुकवर दोन्ही ठेवायला माझी हरकत नसते. तिथे विंडोज बसल्यावर बूटचा ताबा ते स्वतःकडे घेतं, आणि ग्रब, म्हणजे लिनक्सचा बूट मेनू, परत आणायला लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह लागतो.

पहिल्यांदा विंडोज उघडेल तेव्हा वाय-फाय नसण्याची शक्यता बरीच आहे. घाबरू नका. सेटअपमध्ये ‘इंटरनेट नाही’ निवडा. त्याने स्थानिक खातं तयार होतं आणि वडिलांना मायक्रोसॉफ्टचा पासवर्ड लक्षात ठेवावा लागत नाही. आत गेल्यावर अँड्रॉइड फोन डेटाच्या वायरने जोडा आणि फोनमध्ये ‘यूएसबी टेथरिंग’ सुरू करा. त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. मग विंडोज अपडेट चालवा आणि मशीनला तास-दोन तास एकटं सोडा. बरेचसे ड्रायव्हर तिथूनच येतात. फोन आधी घरच्या वाय-फायवर ठेवला तर मोबाइलचा डेटा संपत नाही, टेथरिंग वाय-फायचं इंटरनेटही पुढे देतं. टचपॅड चालत नसेल तर यूएसबी माउस हाताशी असू द्या.

जे उरेल त्यासाठी डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या ओळीवर जाऊन ‘डिटेल्स’मधला हार्डवेअर आयडी घ्या, लिनक्समधून आणलेल्या यादीशी ताडून बघा आणि मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमध्ये तोच आयडी टाकून शोधा. ३२-बिटचा ड्रायव्हर उतरवा, कॅटलॉगमध्ये त्यापुढे ‘एक्स८६’ लिहिलेलं असतं. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ म्हणणारी सॉफ्टवेअरं टाकू नका. ती जाहिराती आणतात आणि या मशीनच्या आयटूएस आवाजावर तर हमखास चुकतात. सगळं नीट चालू झालं की ‘डिसम’ या विंडोजमधल्या साधनाच्या एका आज्ञेने बसलेले सगळे ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये काढता येतात. ते फोल्डर पेनड्राइव्हवर आणि आणखी एका जागी ठेवा. पुढच्या वेळी हे शोधकाम पुन्हा करावं लागणार नाही.

जागेचा प्रश्न कायमचा राहणार आहे. हायबरनेशन बंद करा, त्याची फाइल जाते. ‘कॉम्पॅक्ट ओएस’ चालू केलं तर विंडोजच्या फाइली दाबून ठेवल्या जातात आणि दीड-दोन जीबी सुटतात. अपडेटसाठी विंडोज ७ जीबीच्या आसपास राखीव धरतं. यंत्रणा बसल्यानंतर ते राखीव क्षेत्र ‘डिसम’ने बंद करता येतं. वनड्राइव्ह काढून टाका. मायक्रो एसडी कार्डाची खाच असेल तर ३२ किंवा ६४ जीबीचं चांगलं कार्ड कायमचं बसवा आणि लेख, फॉन्ट, सीडीची प्रत सगळं तिथे ठेवा. श्रीलिपी स्वतः मात्र मुख्य डिस्कवरच टाका. २ जीबी रॅममध्ये ब्राउझरचे दोन-तीन टॅब आणि वर्ड एवढं झेपतं. पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती फाइल) बंद करण्याचा सल्ला कुठे वाचलात तर तो मानू नका, इतक्या कमी रॅमवर तिच्याशिवाय मशीन अडकतं.

श्रीलिपी बसवण्याआधी मॉड्युलर इन्फोटेककडे, म्हणजे पुण्यातल्या तिच्या मूळ कंपनीकडे, डोंगलचा विंडोज १० ३२-बिटचा ड्रायव्हर मागा. जुन्या सीडीतला ड्रायव्हर एक्सपीच्या काळचा असतो, तो टाकून मग डोंगल ओळखत नाही म्हणून रडण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं. ड्रायव्हर बसेपर्यंत डोंगल लावू नका. युनिकोडसाठी विंडोजमध्ये मराठी भाषा जोडा. इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतोच, आणि मे २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्डही आहे. भाषा जोडल्यावर ‘ऐच्छिक सुविधां’मध्ये देवनागरीचे पूरक फॉन्ट आलेत का ते बघा. मंगल फॉन्ट आता त्या गठ्ठ्यात असतो. तो नसला की मंगलमध्ये केलेल्या जुन्या फाइली निर्मला फॉन्टमध्ये उघडतात आणि पानांची मांडणी सरकते. वडील एकेक लेख दुरुस्त करतील तसा तो युनिकोडमध्ये बदलूनही ठेवा, परिवर्तक श्रीलिपीच्या नव्या आवृत्त्यांत आहे. डोंगल बिघडलं तरी लेख हाती राहतील.

याहून जुना नेटबुक असलेल्यांसाठी दोन शब्द. २००८-०९ चे ॲटम एन२७० वाले, म्हणजे पहिल्या एसर अस्पायर वनसारखे, प्रोसेसरपासूनच ३२-बिट आहेत आणि त्यांना यूईएफआय नाही. तिथे ३२-बिट विंडोज ७ चालतं, रॅम १ जीबी तरी हवी. एक्सपी टाकायचंच असेल तर बायोसमध्ये डिस्कची पद्धत एएचसीआयऐवजी आयडीई करा, नाहीतर सेटअप निळ्या पडद्यावर थांबतो. आणि एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपलेला असल्यामुळे ते मशीन इंटरनेटला जोडू नका. ॲटम एन२६०० वाल्यांनी ६४-बिटच्या नादी लागू नये, त्याच्या ग्राफिक्सचा ६४-बिट ड्रायव्हर इंटेलने कधी दिलाच नाही.

तुमच्या मशीनवर एवढं करूनही आवाज किंवा वाय-फाय अडलं, तर त्या ओळीचा पूर्ण हार्डवेअर आयडी आणि लिनक्समधून काढलेल्या नोंदीतली त्या चिपेची ओळ अशी दोन्ही पाठवा. नुसतं नेटबुकचं मॉडेल सांगून भागत नाही, कारण एकाच नावाखाली वेगवेगळ्या खेपांत वेगवेगळ्या चिपा बसवलेल्या असतात.